चोर सोडून संन्याशाला

‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चा ऑनलाइन खेळ 2015 साली पीसीवर आला आणि तुफान चालला. एक तक्रार मात्र काही केल्या मिटेना. खेळ सुरू व्हायलाच पाच-सहा मिनिटं लागायची. कुणी म्हणे इंटरनेट संथ आहे, कुणी सर्व्हरच्या नावाने खडे फोडी, कुणी नवी डिस्क घ्यायचा सल्ला देई. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. मोजून कुणीच बोलत नव्हतं.

2021 च्या सुरुवातीला एका प्रोग्रॅमरने ते मनावर घेतलं. तो हा खेळ बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला नव्हता आणि खेळाचा सोर्स कोडही त्याच्याकडे नव्हता. त्याने आधी साधा टास्क मॅनेजर उघडला. खेळ लोड होत असताना मोठा काळ डिस्क स्वस्थ, नेटवर्क स्वस्थ, ग्राफिक्स कार्डही स्वस्थ. प्रोसेसरचा एकच कोअर तेवढा जीव तोडून राबत होता. इंटरनेट आणि डिस्क तिथल्या तिथे निर्दोष सुटले.

मग त्याने प्रोफायलर लावला. हे साधन चालू प्रोग्रॅमला दर काही क्षणांनी थांबवून विचारतं, ‘आत्ता कुठल्या फंक्शनमध्ये आहेस? तुला तिथे कुणी बोलावलं?’ असे हजारो जबाब गोळा झाले की वेळ कुठे जातो ते आपोआप दिसतं. सोर्स नसल्यामुळे त्याला फंक्शनची नावं मिळाली नाहीत, नुसते पत्ते मिळाले. डिसअसेंबलर घेऊन तो त्या पत्त्यांवर जाऊन पोहोचला, तेव्हा गुन्ह्याच्या जागा दोनच निघाल्या.

खेळात विकत मिळणाऱ्या सुमारे 63,000 वस्तूंची यादी 10 एमबीच्या एका जेसॉन मजकुरात होती. तो मजकूर ‘एसस्कॅनएफ’ या फंक्शनने तुकड्यातुकड्याने वाचला जाई, आणि प्रत्येक तुकड्याआधी हे फंक्शन ‘स्ट्रलेन’ला हाक मारून उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी नव्याने मोजून घेई. पोथी वाचायला बसलेल्या माणसाने प्रत्येक शब्दाआधी शेवटच्या पानापर्यंतची सगळी अक्षरं मोजावीत, तसं. वाचणाऱ्या ओळीकडे नुसतं बघून हे कुणाच्याही लक्षात येणार नाही. मोजणीचं काम लायब्ररीच्या पोटात चालतं, आणि यादी लहान असेल तर त्याची झळही लागत नाही.

दुसरी जागा त्याच्याच पुढची. वाचलेली वस्तू साठवण्याआधी ती आधीच आली आहे का, हे पाहायला साठवलेल्या सगळ्या वस्तू एकेक करून तपासल्या जात. 63,000 वस्तूंसाठी हा हिशेब सुमारे 198 कोटी तुलनांवर जातो. साठवणीची जागा सुरुवातीला रिकामी आणि प्रत्येक वस्तू वेगळी, म्हणजे ही तपासणी मुळातच नको होती.

त्याने लांबी एकदाच मोजून लक्षात ठेवायची सोय केली आणि ती तपासणी वगळली. त्याच्या जुन्या पीसीवर सहा मिनिटांचं काम एक मिनिट पन्नास सेकंदांवर आलं.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती त्याच्या कामाचा क्रम. आधी मोजलं, मग शोधलं, आणि हात लावला तो सगळ्यात शेवटी. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी फोर्ट्रान प्रोग्रॅम तपासले, तेव्हाही त्यांना हेच दिसलं होतं की निम्म्याहून जास्त वेळ साधारणपणे चार टक्क्यांहून कमी कोड खातो. लाखो ओळींच्या कोडबेसमध्ये ते चार टक्के अनुभवी माणसालाही नुसत्या अंदाजाने सापडत नाहीत. अंदाजावर काम करणारा आठवडाभर भलत्याच फंक्शनला घासूनपुसून लखलखीत करतो आणि प्रोग्रॅम होता तेवढाच संथ राहतो. ज्यांच्या हाताशी सोर्स आहे, त्यांना फंक्शनची नावंही मिळतात आणि कुणी कुणाला बोलावलं याचा नकाशाही. म्हणजे या प्रोग्रॅमरपेक्षा त्यांचं काम कितीतरी सोपं.

कंपनीने त्याचं निदान मान्य केलं, मार्च 2021 मध्ये दुरुस्ती सगळ्या खेळाडूंपर्यंत पोहोचवली आणि त्याला 10,000 डॉलरचं बक्षीस दिलं. असं मोजायला लिनक्सवर ‘पर्फ’ आणि ‘जीप्रॉफ’ हे प्रोफायलर फुकट मिळतात. तुमच्या कामातला जो प्रोग्रॅम सगळ्यात जास्त ताटकळत ठेवतो, त्याच्यावर यांतला एखादा आजच एकदा चालवून पाहा.