गप्प बसवण्यापूर्वी

पाळीव कुत्र्याचे भुंकणे हा काही निबंधाचा विषय नव्हे, असे आमचेही मत दोन वर्षांपूर्वीपर्यंत होते. ते बदलण्यास आमचा मोती आणि शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ कारणीभूत झाले.

इंदूरच्या आमच्या वसाहतीत घराला घर लागून आहे. फाटकावरून दूधवाला गेला, वृत्तपत्रवाला गेला, वाऱ्याने पाचोळा हलला, तरी मोती भुंके. आणि रात्री एकदा सुरू झाला की अर्धा अर्धा तास थांबत नसे. शेजारच्या गृहस्थांच्या हृदयावर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली होती. एके सकाळी ते स्वतः आले, चहा नको म्हणाले आणि एवढेच बोलले, "साहेब, तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही." त्यांच्या स्वरात राग असता तर उत्तर देणे आम्हाला सोपे गेले असते.

आम्ही मोतीला दिवसभर मागील अंगणात साखळीने बांधून ठेवू लागलो. रात्रीचे भुंकणे उलट वाढले. मग जुन्या सवयीने आम्ही नियम धुंडाळले. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे सापडले. परंतु १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या अकराव्या कलमात, कुत्र्याला नेहमी बांधून ठेवणारा आणि त्याला पुरेसे हिंडूफिरू न देणारा धनी हाही क्रूरतेचा अपराधी ठरतो, हेही वाचावे लागले. आमचे गुडघे दुखू लागल्यापासून मोतीचे फिरणे बंदच झाले होते.

आमच्या भाच्याने विजेचा झटका देणारा गळपट्टा सुचवला. वेल्समध्ये अशा पट्ट्यांवर २०१० साली बंदी आली. स्वरतंतू कापून कुत्र्याला मुके करण्याची शस्त्रक्रियाही जगात होत आली आहे. युरोप परिषदेच्या १९८७ च्या करारात ती निषिद्ध मानली आहे. पट्टा आम्ही घेतला नाही. मात्र तो घ्यावा असे एक रात्र मनापासून वाटले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

महाभारताच्या आदिपर्वात सरमेची कथा येते. जनमेजयाचे कुरुक्षेत्रावर दीर्घसत्र चालू असता सरमा या देवशुनीचा पुत्र तेथे गेला आणि जनमेजयाच्या भावांनी त्याला मारून हाकलले. तो रडत आईकडे आला. तिने त्याला दटावून गप्प केले नाही. का रडतोस, कोणी मारले, असे विचारले. तुझ्याच हातून काही अपराध घडला असणार, असेही म्हणून पाहिले. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, तिकडे पाहिलेही नव्हते. सरमेने सत्रात जाऊन जाब विचारला, तेव्हा त्या राजबंधूंपाशी उत्तर नव्हते. या कथेतील शाप सर्वांच्या लक्षात राहतो. आम्हाला त्याआधीची ती चौकशी मोलाची वाटते.

आम्हीही वही घेऊन आठ दिवस ओसरीवर बसलो. मोती केव्हा भुंकतो, कशावर भुंकतो, याची नोंद ठेवली. ज्या दिवशी त्याला सोडले, त्या रात्री तो पुष्कळ शांत असे. मग गुडघ्यांना तेल लावून आम्ही सकाळ-संध्याकाळ त्याला हिंडवू लागलो. फाटकाच्या खालच्या अर्ध्या भागाला पत्रा ठोकला, म्हणजे येणारी-जाणारी पावले दिसू नयेत. त्याच्यावर ओरडणे सोडले. आपण ओरडलो की धनीही सोबत भुंकतो आहे, अशीच त्याची समजूत होत असावी. तो श्वास घेण्यापुरता थांबला की हळूच "बस" म्हणायचे आणि भाकरीचा तुकडा द्यायचा; पुढे पाच अंक मोजून, मग दहा, मग तीस. भुंकण्याला दाद मिळेनाशी झाली की ते सुटण्यापूर्वी काही दिवस वाढते, हे शिकवणाऱ्यांना ठाऊक असते. त्या वेळी धन्याने माघार घेतली तर कुत्रा एवढेच शिकतो की अधिक वेळ भुंकावे. म्हणून आम्ही शेजाऱ्यांकडे जाऊन आठ दिवसांची मुदत मागितली. त्यांनी दिली. दोन महिन्यांत पुष्कळ फरक पडला.

आमच्या अभ्यासमंडळातील एका स्नेह्यांनी आक्षेप घेतला: भाकरी काय आणि झटका काय, दोहोंनी तुम्ही त्याला आपल्या सोयीने वाकवताच. आक्षेप खोटा नाही. प्रौढ लांडगा क्वचितच भुंकतो. कुत्र्याचे हे भुंकणे मनुष्याच्या सहवासात वाढलेले आहे. राखणीसाठी आपणच ते जोपासले आणि भिंतीला भिंत लागल्यावर त्याला दोष म्हणू लागलो. तरीही, भुंकणे हा त्याचा स्वभाव आहे, शेजाऱ्यांनी सोसावे, हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. आमच्या मायेची किंमत एका आजारी माणसाच्या झोपेने का चुकवावी? श्रम आमचे असले पाहिजेत. झटक्याचा पट्टा नेमके तेच श्रम वाचवतो. चोर आला काय आणि पाचोळा हलला काय, त्याला दोन्ही सारखेच. धन्याने उठून पाहण्याची गरज उरत नाही.

हे लिहिताना नोकरीतील एक प्रसंग आठवतो. एका तहसिलीत एक म्हातारा शेतकरी जमिनीच्या नोंदीसाठी दर आठवड्यास येई आणि मोठमोठ्याने बोले. एकदा आम्ही शिपायाकरवी त्याला बाहेर काढले. तो पुन्हा आला नाही. कागदावर तक्रार निकाली निघाली. नोंद खरोखरच चुकली होती, हे आम्हाला बदली झाल्यावर कळले. तो गप्प का झाला, हे विचारण्याचे आम्हाला कधी सुचले नव्हते.

गेल्या महिन्यात मध्यरात्री मोती पुन्हा भुंकला. "बस" हा शब्द ओठांवर आला होता. पण आम्ही विजेरी घेऊन बाहेर आलो. फाटकाशी एक गाय उभी होती, बाकी काही नाही. तेवढ्यात शेजारच्या खिडकीत दिवा लागला आणि आतून आवाज आला, "काय झालं हो, कोण आहे?"