ज्याची बॅट त्याची बॅटिंग

बारशाला जमलेल्या बायकांत एक तरी आजी अशी असतेच, जी बाळाच्या टाळूवर तेलाचा हात फिरवता फिरवता म्हणते, "डोकं बघितलंत का केवढं! मोठा साहेब होणार हो हा." आईला बरं वाटतं. वाद कोण घालणार?

वाद घालायचाच झाला, तर दोन लेखकांची साक्ष काढता येईल. रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह १८८३ साली फ्रान्समध्ये वारला. त्याचा मेंदू तराजूत घातला, तो भरला २०१२ ग्रॅम. तुमचा-आमचा साडेतेराशेच्या आसपास असतो. १९२१चं नोबेल मिळवणारा अनातोल फ्रान्स १९२४ साली गेला, त्याचा मेंदू निघाला अवघा १०१७ ग्रॅम. म्हातारपणी मेंदू थोडा आटतो हे धरलं तरी जवळपास निम्मा! दोघांची पुस्तकं शेजारी ठेवून निम्म्या मेंदूचं पान कुठलं, ते कुणी ओळखून दाखवावं.

माणसामाणसांत फसला तरी प्राण्यांत हा हिशेब चालेल, असं वाटतं. तिथे तर तो अंगावरच येतो. हत्तीचा मेंदू साडेचार-पाच किलो, स्पर्म व्हेलचा आठ किलोच्या घरात. म्हणजे आपला नंबर बराच खाली. मग ठरलं, नुसतं वजन नको. शरीराच्या मानाने मेंदू किती, ते बघू. माणसाचा साधारण दोन टक्के. व्हेल आणि हत्ती एका फटक्यात मागे पडले.

तेवढ्यात चिचुंद्री आडवी आली. रात्री पाणी प्यायला उठून स्वयंपाकघरात दिवा लावला, की ओट्याखालून भिंत धरून चिकचिकत पळते, तीच ही. लांब हलतं नाक, टाचणीच्या डोक्याएवढे डोळे आणि मागे रेंगाळणारा तो वास. उंदीर समजून आपण केरसुणी घेऊन धावतो. ती उंदीर नव्हेच, उलट घरातली झुरळं खाऊन आपलंच काम हलकं करते. हिच्या कुळातली सगळ्यात चिमुकली एट्रस्कन चिचुंद्री जेमतेम दोन ग्रॅमची. तिचा मेंदू साठ-पासष्ट मिलिग्रॅमचा, म्हणजे शरीराच्या तीन टक्के. झाली ना पंचाईत!

यातून मार्ग काढला हॅरी जेरिसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने. जनावर दुप्पट मोठं झालं म्हणून मेंदू दुप्पट होत नाही. तेव्हा लहानग्यांचं प्रमाण आपसूकच जास्त दिसणार. म्हणून त्याने १९७३च्या ग्रंथात, एवढ्या शरीराला मेंदू किती अपेक्षित आणि प्रत्यक्षात आहे किती, याचा गुणांक मांडला. मांजर एकवर, चिंपांझी अडीचच्या आसपास, डॉल्फिन चारच्या पुढे, माणूस सातवर. हुश्श! (या सूत्रात वजन वाढलं की गुणांक घसरतो. म्हणजे दिवाळीचा फराळ संपेपर्यंत आपण सगळेच थोडे मठ्ठ होत असणार.) पण याच गुणांकात कॅपुचिन माकड गोरिलाच्या पुढे जातं, आणि ते काही कुणाच्या पचनी पडेना.

अलीकडे ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांनी वेगळीच वाट धरली. मेंदूचं अक्षरशः सूप करायचं आणि त्यातल्या चेतापेशी मोजायच्या. माणसात ८६ अब्ज भरल्या, आफ्रिकन हत्तीत २५७ अब्ज! मात्र त्यातल्या बहुतेक सगळ्या मागच्या लहान मेंदूत होत्या. मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या घडीदार सालीतल्याच मोजल्या, तर हत्तीच्या साडेपाच अब्जांच्या वर आणि आपल्या सोळा. हे काम मला मनापासून आवडतं, कारण त्यात अंदाज कमी आणि मोजदाद जास्त आहे. तरी गल्लीतलं क्रिकेट आठवतंच. ज्याची बॅट त्याची बॅटिंग, आऊट झाला की म्हणणार, "हा ट्रायल बॉल होता."

पेपर काढणारे आपणच, तपासणारेही आपणच. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात कंदुला नावाचा सात वर्षांचा आशियाई हत्ती होता. त्याच्यावरच्या प्रयोगाचा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. फळं लावलेली फांदी सोंड पोचणार नाही इतकी उंच टांगली आणि खाली काठ्या ठेवल्या. चिंपांझी काठीने फळ ओढतो, मग हत्तीला का जमू नये? कंदुलाने फळासाठी काठी एकदाही वापरली नाही. हत्तीची परीक्षा इथेच संपवली असती, तर शेरा ठरलेला होता: नापास.

पण आवारात प्लॅस्टिकचा एक मोठा ठोकळाही होता. एके दिवशी कंदुलाने तो ढकलत नेमका फांदीखाली आणला, पुढचे दोन पाय त्यावर रोवले आणि सोंड वर करून फळ काढलं. आधी चुकतमाकत केलेली खटपट नाही, कुणाची शिकवणी नाही. पुढे ठोकळा नजरेआड ठेवला, तर तो जाऊन घेऊन आला. ठोकळा काढून घेतला, तर ट्रॅक्टरच्या टायरवर चढला.

काठीला मात्र तो फळासाठी शिवला नाही. एरवी फांदीने माश्या हाकलणारे हत्ती इथेच का अडतात? प्रयोग करणाऱ्यांनी दिलेलं कारण साधं आहे. हत्ती अन्न शोधतो वासाने आणि स्पर्शाने, आणि काठी पकडली की सोंडेचं टोक वळून त्यातच अडकतं. काठी हातात धरतात, हे आपण गृहीत धरलं होतं. कंदुलाला ती नाकात धरायची होती.