सोळा आठवडे आणि अकरा वर्षे

धर्मगुरूच्या आयुष्यातील बराच वेळ टेबलाच्या खणात शिक्का शोधण्यात जातो, हे सेमिनरीत कुणी सांगत नाही. बाप्तिस्म्याचा दाखला, विवाहाचा दाखला, शाळाप्रवेशासाठी शिफारसपत्र, वास्तव्याचे पत्र. सही करायची, शिक्का मारायचा आणि पुढच्याला आत बोलवायचे. या रोजच्या व्यवहारात आपण सही करतो म्हणजे साक्ष देतो, हे भान हळूहळू बोथट होत जाते. काही वर्षांपूर्वी एका शिक्षिकेने माझ्यापुढे एक कागद ठेवला आणि त्या भानाला पुन्हा धार आली.

ही बाई साकीनाक्याची. आज तेथे डोक्यावरून मेट्रो धावते, २०१४ सालापासून धावते. पण खैरानी रोडच्या गल्ल्यांत शिरले की भंगाराची गोदामे, लेथ मशीन, शिलाईचे कारखाने आणि त्यांच्या माळ्यांवर थाटलेले संसार हेच जग दिसते. त्या जगातील मुलांना ती एका लहानशा विनाअनुदानित शाळेत अकरा वर्षे शिकवीत होती. स्वतः दूरशिक्षणाने बी.ए. झालेली. बी.एड. नसेल तर पुढील वर्षी वर्ग देता येणार नाही, असे संस्थेने तिला सांगितले होते.

बी.एड. करायचे म्हणजे काय, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. पूर्वी एका वर्षात पुरी होणारी ही पदवी २०१५ पासून दोन वर्षांची झाली. मानसशास्त्र, शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मूल्यमापन, अध्यापनपद्धती असे तिचे विषय. पण तिचा गाभा म्हणजे प्रत्यक्ष शाळेतील वीस आठवड्यांची आंतरवासिता, त्यांतील सोळा आठवडे दुसऱ्या वर्षी. पाठाचे टाचण काढायचे, तक्ते करायचे, परक्या वर्गापुढे उभे राहायचे, आणि मागच्या बाकावर निरीक्षक वही उघडून बसलेले. चर्चगेटच्या सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनसारखी, येशूसंघीयांनी १९५३ मध्ये सुरू केलेली महाविद्यालये हे काम निष्ठेने करीत आली आहेत. तथापि नोकरी सोडून, दोन वर्षांचे वेतन गमावून तेथे जाणे या बाईंना परवडणारे नव्हते. तिला दूरच्या एका जिल्ह्यातील महाविद्यालयाचा पत्ता मिळाला होता. शुल्क भरायचे, परीक्षेपुरते जायचे, हजेरी ‘लागते’. अशा महाविद्यालयांची गोष्ट गुपित राहिलेली नाही. न्यायमूर्ती वर्मा आयोगाने २०१२ मध्ये ती उघड सांगितली आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्या अहवालाचा हवाला देऊन लिहिले की, केवळ शिक्षकशिक्षण देणाऱ्या दहा हजारांहून अधिक संस्थांपैकी बहुसंख्य संस्था पैसे घेऊन पदव्या विकतात. शासनाच्याच धोरणपत्रात इतके रोखठोक वाक्य क्वचितच आढळते!

महाविद्यालयाला एका गोष्टीची मात्र गरज होती : सोळा आठवडे आंतरवासिता पूर्ण केल्याचे एखाद्या शाळेच्या व्यवस्थापकाचे प्रमाणपत्र. त्या वेळी एका शाळेचे व्यवस्थापन माझ्याकडे होते. मी कागद वाचून मान हलवली, तेव्हा ती न रागावता म्हणाली, “फादर, सोळा आठवडे काय घेऊन बसलात? अकरा वर्षं शिकवतेय मी.”

या वाक्याने मला अनेक दिवस झोप लागू दिली नाही. नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही असत्याचे प्रकार शिकलो होतो. शब्दाने खोटे पण आशयाने खरे असलेले विधान कोणत्या परिस्थितीत क्षम्य ठरते, यावर पानेच्या पाने लिहिली होती. येथे तर आशय खऱ्याहून अधिक खरा वाटत होता. जिने सोळा आठवड्यांच्या कितीतरी पट काळ फळ्यापुढे काढला, तिने सोळा आठवडे काढले असे लिहिण्यात खोटे ते काय? सही न केल्याने नुकसान कुणाचे? तिचे, आणि माळ्यावरच्या त्या मुलांचे, ज्यांना तिच्याऐवजी कुणीतरी पदवीधारक पण अनोळखी व्यक्ती मिळणार होती.

परंतु विचार करता करता मला एक फरक दिसू लागला. शिक्षणाची पदवी ही इतर बहुतेक पदव्यांहून एका बाबतीत वेगळी आहे. इतिहासाचा विद्यार्थी चुकला तर कागद खराब होतो. शिक्षणशास्त्राचा विद्यार्थी शिकतो तो मात्र दुसऱ्या माणसावर, आणि तेही ज्याला कुणी विचारलेले नाही अशा लहान माणसावर. सरावपाठासाठी वर्ग उपलब्ध होतात ते बहुधा पालिकेच्या शाळांत आणि आमच्यासारख्या धर्मादाय शाळांत. जेथील पालक तक्रार करायला येत नाहीत तेथे. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कांटने १७८५ मध्ये मांडलेले तत्त्व आम्ही घोकले होते. मग सरावपाठातील मूल हे साधन नव्हे काय? त्या मुलाचे साधनपण ज्या एका गोष्टीने सुसह्य होते ती म्हणजे मागचा बाक. कुणीतरी मुलाच्या वतीने तेथे बसलेले असते, चूक झाली तर सांगणारे. सोळा आठवड्यांचा अर्थ ‘किती शिकवले’ असा नाही. शिकवताना कुणी पाहिले आणि सुधारले, असा आहे. बाईंच्या अकरा वर्षांत मागचा बाक रिकामा होता. दोष तिचा नव्हता. पण कागदावर जे लिहायचे होते ते तिच्या बाबतीत कधी घडलेच नव्हते. म्हणून मी सही केली नाही. तिला तसे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले, कागदाची घडी घातली आणि ती गेली.

येथे हा लेख संपवला असता तर मला स्वतःविषयी समाधान वाटले असते. पण त्याच महिन्यात दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या छात्राध्यापिकांची प्रमाणपत्रे माझ्या टेबलावर आली. हजेरी खरी, आठवडे खरे. सही करण्यापूर्वी, कदाचित त्या बाईंच्या आठवणीने, मी एका पाठाला जाऊन बसलो. पाठ सुरेख झाला. प्रश्न विचारताच हात वर, उत्तरे अचूक, तक्ता रंगीत, घंटेच्या ठोक्याला उपसंहार. निरीक्षकांनी चांगले गुण दिले. बाहेर आल्यावर व्हरांड्यात एक मुलगा पाण्याची बाटली घेऊन उभा दिसला. “तू वर्गात का नाहीस?” “टीचरनी पाणी आणायला पाठवलंय.” बाटली भरलेली होती. त्याला किती वेळ झाला ते मी विचारले नाही. नंतर कळले की तोच पाठ आदल्या दोन दिवसांत दोनदा घेऊन झाला होता, हुशार मुले पुढे बसवली होती, आणि ज्याला काही येत नाही अशा मुलाला बाहेर ठेवणे ही तेथे जुनी रीत होती.

अशा पाठांची प्रमाणपत्रे मी कैक वर्षे डोळे मिटून सही करून दिली होती. तेव्हा मला कोणतेही नीतिशास्त्र आठवले नव्हते. कागदातील प्रत्येक शब्द खरा होता ना!

सेमिनरीतील माझा पहिला धर्मशिक्षणाचा वर्ग आठवतो. गोरेगावहून रविवारी आम्हाला वस्त्यांत पाठवीत. मी त्रैक्याच्या रहस्यावर पाऊण तास बोललो. पुढे बसलेली एक मुलगी झोपली आणि मला तिचा राग आला. पुढे संत ऑगस्टीन वाचला. इसवी सन ४०० च्या सुमारास कार्थेजच्या एका उपयाजकाने त्याला कळवले होते की, नवागतांना शिकवताना माझा मलाच कंटाळा येतो. ऑगस्टीनने त्याच्यासाठी एक पुस्तकच लिहिले. ऐकणारा जांभई देऊ लागला तर त्याला बसायला आसन द्या, तो उभे राहून थकला असेल, असा साधा सल्ला त्यात आहे. इतक्या मोठ्या ईशज्ञानी पुरुषाला श्रोत्याचे पाय दुखतात हे सुचले, आणि मला झोपलेल्या मुलीची आई रात्रपाळीला जाते की काय, हे विचारावेसे वाटले नव्हते. त्या मुलांनी मला शिकवायला शिकवले, आणि त्याबद्दल त्यांच्या पदरात काय पडले, याचा हिशेब मी कधी केला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयीचे घोषणापत्र काढले. शिक्षकाची तयारी विशेष काळजीने व्हावी, त्याच्याकडे रीतसर पात्रता आणि काळानुरूप अध्यापनकौशल्य असावे, असे त्यात म्हटले आहे. आम्ही पात्रतेची काळजी घेतली.

बाईंना सही दुसरीकडे मिळाली. त्या पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या आणि पेढे घेऊन आल्या. मी पेढा खाल्ला. नाकारण्याइतका नैतिक अधिकार माझ्याकडे उरला नव्हता. त्यांनी मात्र जाताना विचारले, “फादर, मागच्या बाकाचं म्हणत होतात ना तुम्ही? कधी येऊन बसता?” मी दोनदा गेलो. त्या उत्तम शिकवतात. पण फळ्याकडे तोंड करून बोलतात, हे त्यांना अकरा वर्षांत कुणी सांगितले नव्हते.

आता आंतरवासितेची मुले-मुली आली की मी एक अट सांगतो : पाठाच्या वेळी एकही मूल वर्गाबाहेर असता कामा नये. महाविद्यालयांना ती विचित्र वाटते.

अलीकडे एका छात्राध्यापिकेचा दशांश अपूर्णांकांचा पाठ होता. तिने विचारले, ०.५ मोठे की ०.२५? भंगारवाल्याचा एक मुलगा उठून ठामपणे म्हणाला, “पॉइंट पंचवीस. पंचवीस मोठे ना पाचापेक्षा.” टाचणात या उत्तराला जागा नव्हती. तिने क्षणभर निरीक्षकांकडे पाहिले, मग तक्ता खाली ठेवला. “तुझ्या पप्पांच्या काट्यावर पाव किलो जास्त की अर्धा किलो?” “अर्धा,” तो हसून म्हणाला. “मग काट्यावर पाव किलो कसं दिसतं?” “पॉइंट पंचवीस.” “आणि अर्धा?” तो थांबला. “ते दुकानातलं आहे, टीचर. हे गणितातलं.”

उरलेला सगळा तास त्या दोघांत आणि हळूहळू सगळ्या वर्गात त्या एका वाक्यावर गेला. कुणी वजनकाटा काढला, कुणी रुपयाचे पैसे केले. घंटा झाली तेव्हा फळ्यावर टाचणातील पहिलाच मुद्दा होता. निरीक्षकांनी वहीत लिहिले : ‘पाठ अपूर्ण.’ त्याच पानावर खाली व्यवस्थापकाच्या सहीची जागा होती. मी पेन काढले.