सावलीचे आकडे

माऊसवरचा हात उचला आणि मांडीवर ठेवा. समोर गिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्राममध्ये एक पत्रिका उघडी आहे. फिक्या पिवळ्या जमिनीवर गडद लाल अक्षरांत ‘शुभ आशिर्वाद’ आणि अक्षरांखाली करडी सावली. अजून काहीच करायचं नाही. सावली कुठं संपते आणि कागद कुठं सुरू होतो, ते नुसतं बघत राहा. आठवडाभरापूर्वी ती बरी वाटली होती. आज जरा जड वाटते का? वाटली तरी लगेच हलवू नका.

आता लेयरच्या ओळीतलं ‘एफएक्स’ हे बारीक चिन्ह दाबा. छोटी यादी उघडेल आणि तिच्यात ड्रॉप शॅडो (सावलीचा फिल्टर) दिसेल. ती पुन्हा संपादनासाठी उघडा. एक्स २०, वाय २०, ब्लर १०, अपारदर्शकता ०.५. एकेक आकडा सावकाश वाचा आणि प्रत्येकापाशी स्वतःला विचारा : हा मी ठरवला होता का?

यातला एकही तुम्ही ठरवलेला नाही. ड्रॉप शॅडो पहिल्यांदा उघडली की हेच आकडे आधीपासून भरलेले असतात. तुम्ही ‘ओके’ म्हणालात, एवढंच. लावलेला फिल्टर पुन्हा उघडून बदलता येतो, या सोयीचं मोल मला इथंच वाटतं. चूक सुधारता येते हे खरंच, पण आपण निवडलं काय आणि नुसतं चालवून घेतलं काय, हेही ती उघडं करते.

एक श्वास घ्या. स्प्लिट व्ह्यूवर खूण करा, म्हणजे अर्ध्या चित्रात सावली राहील, अर्ध्यात नाही. मधली रेघ डावी-उजवीकडे हळूहळू सरकवा. मग एक्स आणि वाय वीसवरून सहावर आणा. सावली अक्षराला बिलगेल. नाही आवडलं तर रद्द करा, जुने आकडे जागेवर येतील. घाई कसलीच नाही.

पूर्वी घाई असायची. मार्च २०२५ मध्ये गिंपची ३.० आवृत्ती आली, तोवर फिल्टर लावला की तो पिक्सेलांत मुरून जाई. सावली बदलायची तर अनडू करत मागं जायचं, म्हणजे नंतरचं सगळं कामही पुसायचं. फोटोशॉपमध्ये अ‍ॅडजस्टमेंट लेयर १९९६ पासून आणि स्मार्ट फिल्टर २००७ पासून आहेत. फुकट आणि मुक्त गिंपच्या वाट्याला हे उशिरा आलं. आलं ते मात्र नीट आलं.

आता नजर परत अक्षरांवर आणा. ‘आशिर्वाद’. शि? दीर्घ हवा! (लग्नसराईत ही वेलांटी किती भिंतींवर चुकलेली असते.) आधीच्या आवृत्तीत सावली लावताच मजकुराचं चित्र होऊन बसायचं आणि वेलांटी बदलायला सगळं नव्यानं मांडावं लागायचं. आता मजकूर मजकूरच राहतो. ‘शी’ करा. सावलीला कुणी काही सांगितलं नाही, तरी तिनं नव्या वेलांटीचा आकार घेतला आहे. तिथं थोडा वेळ थांबा.

एकाच लेयरवर दोन फिल्टर असतील, तर त्यांचा क्रमही वर-खाली करून पाहा. आधी सावली मग ब्लर, आणि आधी ब्लर मग सावली, यांत फरक पडतो. शब्दांत नका शोधू, डोळ्यांना दिसेल.

पण सतत बदलता येतं म्हणून सतत बदलत बसणं हा छंद वाईट. सहा आकडा पटला ना? मग खिडकी बंद करा. छापखान्याला वेगळी प्रत एक्सपोर्ट करून द्या आणि गिंपची मूळ एक्ससीएफ फाईल जपून ठेवा. जेपीईजीमध्ये सावली उरते, तिचे आकडे उरत नाहीत.