बदलत्या कचेरीत देवाचा आत्मा
(सामान्य काळातील सव्विसावा रविवार, वर्ष ब)



आपल्या धर्मग्रामातील कितीतरी माणसे पहाटे लोकल पकडून मुंबईच्या बँकांत, कचेऱ्यांत, कारखान्यांत कामाला जातात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या कामाचे रूप झपाट्याने बदलले आहे. १ एप्रिल २०२० रोजी देशातील दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या. दारावरच्या पाट्या बदलल्या, संगणकावरची पद्धत बदलली, शेजारच्या टेबलावर अनोळखी माणूस आला. इतर ठिकाणीही थोड्याफार फरकाने हेच घडले आहे. अशा वेळी आपल्या तोंडी एकच वाक्य येते, ‘पूर्वी बरे होते.’

आजचे पहिले वाचन गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातून घेतले आहे. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला इस्राएली लोकही हेच म्हणतात. मिसर देशातल्या गुलामीतून देवाने त्यांना सोडवले होते, रानात रोज मान्ना मिळत होता. तरी त्यांना आठवली ती मिसरमधली मासळी, काकड्या, कलिंगडे, कांदे आणि लसूण! मुकादमाचा चाबूक आणि विटांचे ओझे ते विसरले. आपणही जुन्या दिवसांतला गोडवा तेवढा लक्षात ठेवतो. पण त्यांना हसण्याचे कारण नाही. त्या कुरकुरीच्या मागे भीती होती. ‘मला नवे जमेल का? उद्या माझी गरज उरेल का?’ हाच प्रश्न पन्नाशी गाठलेल्या आपल्या कितीतरी बांधवांची झोप उडवतो.

लोकांचे रडणे ऐकून मोशेसारखा पुढारीही खचला. हे ओझे मला एकट्याला पेलत नाही, यापेक्षा मला मरण दे, असे तो देवाला म्हणाला. देव त्याच्यावर रागावला नाही. सत्तर वडीलधाऱ्यांना गोळा कर, असे देवाने सांगितले आणि मोशेवरच्या आत्म्यातील काही अंश त्यांना दिला. आपल्यापैकी कोणी विभागप्रमुख आहे, कोणी सुपरवायझर, कोणी मुख्याध्यापक. सगळे एकट्याने ओढायचे आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही, यालाच आपण खंबीरपणा समजतो. मोशेने मात्र ‘मला एकट्याला जमत नाही’ असे कबूल केले आणि तिथूनच त्याला वाट सापडली.

पुढची गोष्ट याहून मोलाची आहे. एल्दाद व मेदाद हे दोघे मंडपाकडे गेलेच नव्हते, तरी छावणीत त्यांच्यावर आत्मा उतरला. यहोशवाला ते खपले नाही. मोशेने मात्र देवाच्या सर्वच लोकांना असा आत्मा लाभावा अशी इच्छा व्यक्त केली. शुभवर्तमानातही योहान तक्रार करतो की, आपल्यात नसलेला एक माणूस येशूच्या नावाने भुते काढतो. येशू त्याला अडवू देत नाही. आपल्या कचेरीत नवे काम पुष्कळदा ‘कालच्या पोराला’ किंवा दुसऱ्या शाखेतून आलेल्या बाईंना आधी समजते. तेव्हा आपल्या मनात यहोशवा बोलतो की मोशे? ज्याला धाकट्यासमोर ‘मला शिकव’ म्हणता येते, तो मनाने वाढतो. आणि ज्याला दुसऱ्याच्या गुणाची भीती वाटत नाही, तोच खरा पुढारी.

याचा अर्थ असा नव्हे की, वरून आलेला प्रत्येक बदल देवाची इच्छा समजून मुकाट्याने सोसावा. तरुणपणी खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात राबलेल्या पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या आपल्या परिपत्रकात शिकवले की, काम हे माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनीही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या युगात श्रमिकांच्या प्रतिष्ठेचा विचार करूनच लिओ हे नाव घेतले. म्हणून बदलाच्या गडबडीत कोणी बाजूला ढकलला जात असेल, कोणाच्या बदलीने घर मोडकळीस येत असेल, तर त्याच्या बाजूने बोलणे हेही आपले ख्रिस्ती कर्तव्य आहे. तिथे गप्प राहणे म्हणजे नम्रता नव्हे.

या आठवड्यात आपण दोन गोष्टी करू या. आपल्याला न येणारे एक काम कोणाकडून तरी मोकळ्या मनाने शिकू या. आणि नव्या व्यवस्थेत एकटा पडलेला जो सोबती जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात डबा उघडतो, त्याच्या शेजारी जाऊन बसू या.

हे प्रभो, आमच्या मनातली भीती आणि मत्सर दूर कर. तुझा आत्मा जिथे उतरेल तिथे त्याला ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. आमेन.