पाचवे शील आणि मुके यकृत



पंचशिलातील पहिल्या चार शिलांविषयी सहसा कोणी वाद घालीत नाही. हत्या, चोरी, व्यभिचार आणि असत्य यांनी दुसऱ्याचे नुकसान होते, हे उघड आहे. पाचव्या शिलापाशी मात्र प्रश्न येतो. “घाम माझा, पैसा माझा, शरीरही माझे. दोन घोट घेतले तर कोणाचे काय गेले?” असे विचारणाऱ्याला नुसते दटावून चालणार नाही. धम्मात प्रश्नाला बंदी नाही. तेव्हा शरीराकडे पाहूनच उत्तर शोधू या.

मटणाच्या दुकानात आपण ज्याला काळीज म्हणतो, ते यकृत. माणसाच्या उजव्या बरगड्यांखाली ते असते. मोठ्या माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो भरते. आतड्यांतून येणारे रक्त एका मोठ्या शिरेने आधी यकृतात जाते. अन्नातील साखर साठविणे, पित्त बनविणे, रक्त गोठविणारी द्रव्ये तयार करणे, विषाचा निचरा करणे, ही सारी कामे ते रात्रंदिवस करते. पण यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. ती फक्त वरच्या पातळ आवरणाला कळते. त्यामुळे बराचसा भाग बिघडला तरी माणूस हिंडताफिरता राहतो आणि म्हणतो, “मला कुठे काय होतंय?”

लोणी भापकरच्या आमच्या जिरायत पट्ट्यातून नीरा कालव्याच्या बागायतीत मजुरीला जाणारा माणूस संध्याकाळी म्हणतो, “अंग दुखतंय, म्हणून घेतो.” त्याचे दुखणे खोटे नाही. पण ज्या अंगाला दुखते त्याचा इलाज तो ज्याला दुखत नाही त्याच्याकडून वसूल करतो. दारूने यकृतात प्रथम चरबी साठते. तेव्हाच पिणे सोडले तर काही आठवड्यांत ती बहुतेक उतरते. पिणे चालू राहिले तर सूज येते, नंतर वण पडत जातात आणि यकृत कठीण, गाठीगाठींचे होते. डॉक्टर याला सिरॉसिस म्हणतात. तेथून पूर्ववत होणे फार अवघड.

विषारी दारूची गोष्ट आणखी भयंकर आहे. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणी येथे अशा दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. तिच्यात मिथेनॉल होते. यकृत नेहमीप्रमाणे आपले काम करू जाते आणि त्या मिथेनॉलपासून डोळे व प्राण घेणारे आम्ल तयार होते. मेलेल्यांत बहुतेक कष्टकरी होते. मागे राहिलेल्या बायकामुलांनी तर घोटही घेतला नव्हता.

गोळ्यांचेही तसेच आहे. तापावरची पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात चांगली. पण धडधाकट मोठ्या माणसाला दिवसरात्रीत 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या ही कमाल मर्यादा. पिणाऱ्याची आणि उपाशी माणसाची मर्यादा त्याहून कमी. क्षयाच्या औषधांपैकी काही औषधे कधी कधी यकृताला बाधतात. ती घेत असता डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, उलट्या होऊ लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मनाने औषध बदलू नये.

रक्ताच्या वाहण्याशीही यकृताचे भाग्य बांधलेले आहे. कालव्यात गाळ साचला की पाणी मागे तुंबते आणि कच्च्या जागी बांध फोडते. यकृत कठीण झाले की त्यात येणारे रक्त तसेच तुंबते. पोटात पाणी होते. अन्ननलिकेच्या शिरा फुगतात. एखादी फुटली की रक्ताची उलटी होते. उलट, हृदय दुबळे झाले तर रक्त यकृतातच साचून ते सुजते. फार रक्तस्राव झाला तर यकृताची उपासमार होते. अशा रोग्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नसेलही.

हे नीट ध्यानात ठेवा. डोळे पिवळे झालेला माणूस दिसला की वस्ती लगेच निकाल देते, “पीत असणार.” दूषित पाण्याने कावीळ होते. रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंनी होते. औषधाने होते. हृदयविकारातही डोळे पिवळे होऊ शकतात. कारण न शोधता दिलेला निकाल हा असत्याचाच प्रकार. आणि मागच्या जन्मीचे पाप म्हणून बोट दाखविणे, कावीळ उतरविण्यासाठी माळ घालणे, चुन्याच्या पाण्यात हात धुणे, डाग देणे, हे तर आपण मागे टाकलेल्या वाटेवर पुन्हा जाणे झाले. प्रत्येक दुःखाला कारण असते, ते शोधता येते, ही बुद्धाची शिकवण आहे.

जो खरोखर पितो, त्याचे काय? शील ही स्वतः घ्यायची गोष्ट आहे. दुसऱ्याच्या पाठीत घालायची ती काठी नव्हे. फार दिवस भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडले तर हातपाय कापतात, झटकेही येतात. म्हणून त्याला दवाखान्यात न्या, सोडविताना सोबत राहा.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. शरीर माझे, हे खरे. पण ते ज्याच्या बळावर चालते ते यकृत तक्रार करीत नाही, आणि घरात जी माणसे त्याच्या आधारावर जगतात तीही पुष्कळदा गप्पच असतात. पाचव्या शिलात मद्याबरोबर प्रमाद हा शब्द आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. जे ओरडते त्याचेच ऐकायचे आणि जे मुके आहे त्याला वापरून घ्यायचे, हाच तो बेसावधपणा. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मद्याचे सहा तोटे सांगितले आहेत. धनहानी, कलह आणि रोग हे त्यांतलेच. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मुक्यांना वाचा फोडण्यासाठी ज्यांनी ‘मूकनायक’ काढला, त्यांच्या अनुयायांना मुक्याचे दुःख वेगळे समजावून सांगायला हवे काय?

घरात नवे मूल जन्मले तर चोवीस तासांच्या आत त्याला हिपॅटायटिस बीची लस टोचून घ्या. पिण्याचे पाणी उकळून घ्या. कोणी पीत असेल तर आज त्याच्याशी रागाने नव्हे, शांतपणे बोला. दुखू लागण्याची वाट पाहू नका.

जय भीम.