केवळ न तोडणे

दुसऱ्याला इजा न करणारा मनुष्य तेवढ्यानेच निर्दोष ठरतो काय? या प्रश्नाचे उत्तर आम्ही बरीच वर्षे सहजपणे ‘होय’ असे देत आलो. अॅमेझॉनच्या वर्षावनातील एका वृक्षाची हकीकत वाचनात आली आणि त्या उत्तराविषयी आम्ही साशंक झालो.

‘ब्राझील नट’ या नावाने आपल्याकडेही विकला जाणारा सुकामेवा ज्याला लागतो, तो हा वृक्ष. उंची ५० मीटरपर्यंत, आयुष्य कित्येक शतकांचे. असा महावृक्ष स्वयंपूर्ण असावा, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती निराळी आहे. त्याच्या फुलावर जाड, वळलेले झाकण असते; ते उचलून आत शिरण्याचे बळ मोठ्या अंगाच्या रानमाश्यांनाच असते. परागही बहुधा दुसऱ्या वृक्षावरून यावा लागतो. फळ पिकण्यास वर्षाहून अधिक काळ जातो. दोन किलोपर्यंत वजनाच्या त्या फळाचे कवच अत्यंत कठीण असते. अगूटी नावाचा सशाएवढा प्राणी ते कुरतडून फोडतो, काही बिया खातो, उरलेल्या जमिनीत पुरून ठेवतो. त्यांतील ज्या तो पुन्हा उकरीत नाही, त्यांतून रोपे उगवतात.

ब्राझीलच्या शासनाने १९९४ च्या आदेशाने नैसर्गिक वनांतील हा वृक्ष तोडण्यास मनाई केली. २००६ च्या आदेशातही ती कायम राहिली. हेतू उत्तम होता. परंतु पारा राज्यात गुरांच्या कुरणांसाठी भोवतालचे रान साफ करण्यात आले आणि मोकळ्या माळावर हे वृक्ष एकाकी उभे राहिले. रानमाश्यांचा आसरा गेला, अगूटीचाही गेला. कुरणे जाळताना लागणाऱ्या आगीने कित्येक वृक्ष उभ्या उभ्या वाळले. जे जगले त्यांची फळधारणा खालावली आणि त्यांच्या तळाशी नवे रोप वाढेना. कुऱ्हाड तर कोणी चालविली नव्हती. मग दोष कोणाचा?

कोणी म्हणेल, ज्याने कायदा पाळला त्याच्याकडून अधिक काय मागावे? न्यायालय अधिक मागू शकणार नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु जगणे म्हणजे केवळ उभे असणे नव्हे. ज्यांच्या आधाराने एखादा जीव जगतो, ते सारे काढून घ्यावयाचे आणि ‘आम्ही त्याला हातही लावला नाही’ असे म्हणावयाचे, हे अर्धसत्य होय.

आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध गृहस्थ एकटे राहत असत. घर प्रशस्त, औषधपाणी वेळेवर, मुलांचे पैसे नियमित. महिन्यातून एकदा आम्ही जात असू आणि पाच मिनिटे बसून निघत असू. एकदा दारापर्यंत येऊन ते म्हणाले, “फादर, मला कोणी त्रास देत नाही. कोणी काही विचारीतही नाही.” पहिले वाक्य ऐकून आम्ही समाधानाने परतलो. दुसऱ्याचा अर्थ आम्हांस कळला, तो ते गेल्यानंतर.

इजा न करणे ही नीतीची पहिली पायरी आहे. आम्ही तिलाच घर समजून तेथे बसून राहिलो, ही आमची चूक.